डाव्या हाताने सुटणारा कोट

मी एक जुना कोट आहे, आणि आधीच सांगतो, मी उलटा टांगलेला नाही. मित्रांनो, मला समोर एकही बटण नाही. मी पाठीमागून बंद होतो, सात हुकांनी, आणि तेही डाव्या हाताने. माझा डावा खांदा उजव्यापेक्षा दीड बोट खाली आहे आणि ढालीसारखा जाड आहे. मला पहिल्यांदा पाहणारे विचारतात, शिवणाऱ्याचं डोकं ठिकाणावर होतं का? पुरतं ठिकाणावर होतं. ज्याचं नव्हतं त्याची गोष्ट मी सांगणार आहे, आणि चवीने सांगणार आहे, कारण मी डूख धरणाऱ्यांतला आहे.

माझा जन्म एका लांबट खोलीत झाला. खिडकीखाली कापायचं टेबल, भिंतीवर खडूने लिहिलेली मापं आणि कोपऱ्यात वाफ सोडणारी इस्त्री. तिथे मास्तर बसायचे. गिऱ्हाईक आल्या आल्या मास्तर त्याचं माप घेत नसत. "आधी मला तुमच्यामागे फिरू द्या," म्हणायचे, आणि आठ दिवस वही घेऊन त्या माणसामागे हिंडायचे. एका भित्र्या वकिलाला त्यांनी अकरा खिशांचा अंगरखा शिवला, कारण त्याला हात कुठे लपवावेत कळत नसे. एका उतावळ्या नर्तकीला असा झगा दिला की नुसता अंगात घालायलाच पाव तास लागावा. लोक मास्तरांना चक्रम म्हणायचे आणि नंबर लावून त्यांच्याकडेच यायचे.

माझी बाई पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात तक्रारीच्या खिडकीवर होती. बावीस वर्षं तिने येणाऱ्या प्रत्येकाला एकच वाक्य ऐकवलं, "तुमची अडचण मला समजते. अर्ज केलाय का?" लोक तोंडाला येईल ते बोलायचे, ही हसत राहायची. ऑफिसात तिला साखरबाई म्हणत. मास्तर आठ दिवस त्या खिडकीसमोरच्या बाकावर बसले. त्यांनी वहीत दोनच गोष्टी टिपल्या. आरडाओरडा सुरू झाला की बाई डावा खांदा पुढे काढते, आणि टेबलाखाली तिची उजवी मूठ आवळलेली असते.

"तुम्ही गोड वगैरे काही नाही," मास्तर तिला म्हणाले. "बावीस वर्षं राग गिळताय."

बाईचा चेहरा उतरला. "दिसतो का हो?"

"लोकांना नाही दिसत. मला दिसतो. त्याला राहायला जागा करून देतो."

आणि मी झालो. बाहेरून सरकारी भिंतीसारखा राखाडी, आतून लालभडक अस्तर. समोरून बंद दार. उजवीकडे आत एक खोल खिसा, नेमका आवळलेल्या मुठीच्या मापाचा. आणि हुक असे की शांतपणे, खालून वर सोडले तर एका दमात सुटावेत, आणि घाबरून ओढले तर अधिकच आवळत जावेत. बाईला चिडलेल्या माणसांसमोर शांत राहायची सवय. तिचे ते पहिल्याच दिवशी सुटले.

मला घालून ती रस्त्याच्या कडेने चालायची थांबली. एका ओरडणाऱ्या गृहस्थाला म्हणाली, "हळू बोला, मला ऐकू येतं." तिचा राग माझ्या अस्तरात उतरला, ती मोकळी झाली आणि मी असा खुनशी झालो. मला त्याची खंत नाही. ज्याच्या अंगावर जायचं त्याचंच ओझं कपड्याने उचलायचं असतं, असं मास्तर म्हणत.

मी मास्तरांच्या हातचा शेवटचा कपडा. त्यानंतर त्यांचे हात इतके थरथरू लागले की सुईत दोरा जाईना. ते कपड्यावर नाव कधी लावत नसत. कॉलरच्या आत पिवळ्या दोऱ्याची एक गाठ, एवढीच त्यांची सही.

आता पट्टशिष्य. हा माणूस मास्तरांच्या टेबलाशी सहा वर्षं काम शिकला, आणि पुढे काचेच्या मोठ्या दुकानात बसून तो नामांकित झाला. त्याने बाईला रस्त्यात गाठलं. "मास्तरांचं काम दिसतंय. दोन दिवस द्या ना, कॉलर बघून परत करतो." नाही म्हणायची सवय अजून नवी होती. बाईने मला उतरवून त्याच्या हातात दिलं.

दोन दिवसांचे वीस झाले. बाई तीनदा त्याच्या दुकानात गेली. तिसऱ्यांदा काउंटरवरची मुलगी गोड हसून म्हणाली, "तुमची अडचण समजते. अर्ज देऊन ठेवा." मी आतल्या खोलीत टांगलेला होतो, मला सगळं ऐकू आलं. त्याच दुपारी पट्टशिष्याने छोट्या कात्रीने माझी पिवळी गाठ कापली आणि तिथे स्वतःच्या नावाची चंदेरी पट्टी शिवली. त्या कात्रीचं टोक मला अजून मानेपाशी टोचतं. मी तेव्हाच ठरवलं, याला सोडायचं नाही.

त्याने मोठ्या सभागृहात फॅशन शो ठेवला, सगळ्यांसाठी खुला. एका उंच मॉडेलला मला घातलं आणि हुक घाईघाईत ओढून, उलटे म्हणजे वरून खाली लावले. व्हायचं तेच झालं. तिचा डावा हात बाहीच्या मुंढ्यात अडकला आणि वरच राहिला. मी म्हटलं, घे, आता झाली फजिती. पण कसलं काय, लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. त्या वर राहिलेल्या हाताला त्यांनी बंड म्हटलं. मी केलेली फजिती कला म्हणून डोक्यावर घेतली. इतका अपमान मला गाठ कापल्यावरही वाटला नव्हता.

मग पुढच्या रांगेतल्या, जाड चष्म्याच्या एका पत्रकार बाईंनी विचारलं, "हा कोट तुम्हाला कुणाला पाहून सुचला?"

"स्वतःलाच," पट्टशिष्य म्हणाला. "हा माझाच स्वभाव आहे."

"मग घालून दाखवा की."

नाही कसं म्हणणार? मॉडेल बिचारी शांत उभी राहिली, म्हणून त्याने मला तिच्या अंगातून कसंबसं काढायला लावलं आणि स्वतः घातलं. त्याचे दोन्ही खांदे सरळ. माझा डावा मुंढा त्याच्या काखेत रुतला. तो हसत म्हणाला, "सोडा." मदतनिसांनी ओढलं. मी आवळलो. त्यांनी आणखी ओढलं. तिसरा हुक वाकला, पण सुटला नाही. त्याच्या कपाळावर घाम आला. या वेळी टाळ्या नव्हत्या.

"कात्री आणा," तो म्हणाला. माझं अस्तर गार पडलं. मित्रांनो, सूड एकीकडे आणि जीव एकीकडे.

तेवढ्यात मागच्या रांगेतून कोणीतरी चालत आलं. माझी बाई. "कात्री खाली ठेवा," ती म्हणाली, आणि त्याच्यासमोर उभी राहिली. "तुमची अडचण मला समजते. अर्ज केलाय का?"

"बाई, मस्करी नको. श्वास अडकतोय."

"बोलता येतंय म्हणजे श्वास आहे. तक्रार कशाबद्दल?"

"कोट."

"कोट कुणाचा?"

तो पुटपुटला. "मोठ्याने," बाई म्हणाली. "मागच्या रांगेला ऐकू गेलं पाहिजे."

"तुमचा."

"शिवणाऱ्याचं नाव?"

तो छताकडे बघू लागला. खरं सांगतो, इथे मी जरासा स्वतःहून आवळलो. त्याने मास्तरांचं नाव सांगितलं, आडनावासकट, सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल असं. आणि गाठ कापल्याचंही सांगितलं, न विचारता.

"पोच नंतर मिळेल," बाई म्हणाली. तिने डावा हात मागे नेला आणि खालून वर, सातही हुक एका दमात सोडले. मग मला अंगात घालून ती मधल्या वाटेने बाहेर पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मास्तरांकडे गेलो. त्यांनी मला पालथं घातलं आणि पहिल्यांदा तिसरा हुकच पाहिला. "हा कुणी ओढला?" बाईने सगळं सांगितलं. मास्तर खोकला येईपर्यंत हसले. मग त्यांनी पिवळा दोरा काढला, पण हात ऐकेनात. सुई बाईने घेतली. गाठ वाकडी आली.

"राहू दे," मास्तर म्हणाले. "आता ती दोघांची झाली."

मास्तर जाऊन बरीच वर्षं झाली. बाई निवृत्त झाली. मी दारामागच्या खुंटीवर असतो, एका बाहीला कसर लागली आहे. मित्रांनो, कपड्यांना जपा. ऊन दाखवा, पण उलटे करून. ओले कोंबून ठेवू नका. आणि अंगातला कपडा कुणी शिवला हे माहीत करून घ्या. आम्ही विसरत नाही.

परवा पट्टशिष्याचं पत्र आलं. त्याचेही केस पांढरे झाले म्हणतात. त्याला मला प्रदर्शनात काचेच्या कपाटात ठेवायचं आहे, मास्तरांच्या नावाने. बाईने उत्तर पाठवलं, "अडचण समजते. अर्ज घेऊन स्वतः या. नेण्याआधी एकदा घालून बघा."

मग तिने मला खुंटीवरून काढलं, झटकलं, मांडीवर पालथं घेतलं आणि तेलाची कुपी आणली. सहा हुकांना तिने तेल दिलं. तिसऱ्याला नाही दिलं.