कुकरवाल्यांना न लागणारी नजर

त्या रविवारी करावे गावातल्या एका मांडवात जेवढी तान्ही बाळं जमली होती, तेवढी पोलिओच्या डोसालाही कधी जमली नसतील. प्रत्येक आईच्या कडेवर मूल आणि हातात झाकलेली दुधाची वाटी. समोर पाटावर क्षीरनाथ महाराज बसले होते. गोरेगोमटे, दाढी नुकतीच शांपूने धुतलेली, आणि गळ्यात रुद्राक्षांच्या माळेत ओवलेला चांदीचा खुळखुळा.

"दूध म्हणजे पृथ्वीचा पांढरा श्वास," महाराज डोळे मिटून सांगत होते. "त्यात वाईट दृष्टी शिरली की बाळाच्या अंगावर गांधी उठतात, उलट्या होतात. डॉक्टर त्याला ॲलर्जी म्हणतात. ॲलर्जी हा दृष्टीचाच इंग्रजी अवतार आहे."

यावर पदवीधर बाप्यांनीसुद्धा माना डोलावल्या. मग महाराजांनी काचेच्या झारीतून एका वाटीत तांबूस तीर्थाचे तीन थेंब सोडले, आणि दूध बघता बघता शाईसारखं निळंकाळं झालं. बायकांनी पदर तोंडाला लावले. महाराजांनी केशरी भस्माची चिमूट टाकून बोटाने ढवळलं, तर निळेपणा गायब आणि दूध पुन्हा पांढरंशुभ्र. शिष्य हरेशने हातातला दुसरा खुळखुळा वाजवला. बाधा दिसली आणि बाधा उतरली, सगळं अर्ध्या मिनिटात. भस्माला संत्र्याचा वास येत होता, पण महाराजांनी तो साधनेचा सुगंध असल्याचं आधीच सांगून ठेवलं होतं.

गोजराबाईंच्या वाटीतलं दूध तर सगळ्यांपेक्षा काळं झालं. त्यांना इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. म्हणजे नजरच होती. आपला काही दोष नव्हता.

झालं होतं असं. सून नमिता बाळंतपणाची रजा संपवून कामावर रुजू झाली, तेव्हा नात मनस्वी सात महिन्यांची होती आणि फक्त आईच्या दुधावर होती. नमिता दूध काढून फ्रीजमध्ये ठेवून जायची. गोजराबाईंना ते बाटलीतलं गार, निळसर दूध बघूनच कसंतरी व्हायचं. आमची पोरं तबेल्यातल्या दुधावर वाढली, त्यांना काय झालं, असं म्हणत एका दुपारी त्यांनी मनस्वीला म्हशीच्या दुधाचा एक चमचा पाजला. पाच मिनिटांत पोरीचे ओठ सुजले, अंगभर लाल गांधी उठल्या, घशातून घरघर यायला लागली. रिक्षात घालून नेरूळच्या हॉस्पिटलात नेलं तेव्हा कुठे जीव वाचला. डॉक्टरांनी विचारलं, काय दिलं होतं? गोजराबाई म्हणाल्या, काही नाही.

तो चमचा त्यांनी आजतागायत कोणाला सांगितला नव्हता. तपासणीत दुधाची ॲलर्जी निघाली, तरी घरच्यांना कळेना की दूध पोटात गेलंच नाही तर पोर सुजली कशी. मग गोजराबाईंनी शेजारच्या सखूचं नाव पुढे केलं. त्या दिवशी सकाळी सखू येऊन पोरीला किती गोड म्हणून गेली होती. बिचाऱ्या सखूशी तेव्हापासून बोलणं बंद.

आता महाराजांनी निर्वाळा दिला होता. पुढच्या रविवारी मनस्वीला आणायचं, ते स्वतःच्या हाताने तिला उतरवलेल्या दुधाचा एक चमचा पाजतील, की बाधा जन्मासाठी संपली. तोवर पाळण्यावर शिंपडायला तीर्थाची बाटली दिली होती. नमिता ऐकून पांढरीफटक पडली. डॉक्टरांनी एक थेंबही नाही म्हणून बजावलं होतं, पुढच्या वेळी श्वास अडकू शकतो म्हणाले होते. ती रडली, भांडली. नवरा धनेश आईकडे बघे, बायकोकडे बघे आणि शेवटी मोबाईलमध्ये बघे. एवढ्या लोकांचं दूध डोळ्यांसमोर निळं झालंय, म्हणाला, सगळेच कसे खोटे असतील?

सगळ्यांचं मात्र झालं नव्हतं. सीवूड्सच्या टॉवरांमधून आलेल्या चार-पाच बायकांच्या वाट्या नुसत्या पिवळसर राहिल्या. महाराजांनी त्यांची नीट चौकशी केली आणि कारण काढलं. या घरांत भात कुकरमध्ये होतो. कुकर शिट्टी मारतो. बाधा शिट्टीला भिते.

झालं. सोमवारपासून गावात पाळणा तिथे कुकर. नुसतं पाणी घालून शिट्ट्या काढायच्या, सकाळी सात, संध्याकाळी सात. बाळं दचकून उठत होती, त्यांना झोपवायला आया गाणं म्हणत होत्या, तेवढ्यात शेजारचा कुकर होत होता. कोणीतरी कुकरला हळदकुंकूही वाहिलं. गोजराबाईंनी धनेशला पिटाळून पाच लिटरचा नवा आणवला आणि मनस्वीच्या पाळण्याशेजारी शेगडी मांडली.

शेवटी बुधवारी वरच्या मजल्यावरची भाडेकरू अक्षता कानांवर हात ठेवून खाली आली. मूळची परभणीकडची, रबाळ्याला एका मिठाईच्या कारखान्यात येणारं दूध तपासायचं काम करते.

"मावशी, एवढी डाळ कोण खातंय?" तिने विचारलं.

गोजराबाईंनी तिला बसवून सगळी कथा रंगवून सांगितली. महाराजांचा नियमही सांगितला: वाटी आदल्या रात्री भाताच्या पेजेत बुडवून ठेवायची, अन्नपूर्णेचा मान म्हणून, आणि न पुसता तिच्यात दूध ओतायचं. अक्षताने तीर्थाची बाटली हुंगली. जखमेवर लावायचं तपकिरी औषध असतं ना, कापराखाली लपलेला तोच वास. तिने ताटलीतल्या शिळ्या भातावर एक थेंब टाकला. भात निळाकाळा.

"मावशी, या भाताला कुणाची नजर लागली?"

ती सांगत राहिली की यात आयोडीन आहे, ते भाताच्या किंवा बटाट्याच्या पिठूळपणाला लागलं की निळं होतं. दुधात कोणी पीठ मिसळलंय का, हे कारखान्यात ती रोज असंच तपासते. कुकरच्या भाताला पेज निघतच नाही, म्हणून टॉवरवाल्या बायकांनी वाट्या साध्या पाण्यात बुडवल्या असणार. आणि हे असलं औषध तान्ह्या पोराच्या पाळण्यावर शिंपडायचं नसतं. गोजराबाई भडकल्या. तुला पन जादू येते म्हनून महाराज खोटे का, असं म्हणून त्यांनी तिला वर धाडलं.

पण भात काळा झालेला त्यांनी बघितला होता. घरात कोणी नाहीसं बघून त्यांनी दोन वाट्या घेतल्या. एक पेजेत बुडवली, दुसरी नळाखाली धुतली. दोन्हींत एकाच पातेल्यातलं दूध ओतलं आणि तीन-तीन थेंब टाकले. पहिली काळी झाली, दुसरी नाही. त्यांनी पुन्हा करून बघितलं. तिसऱ्यांदा तर देवाचं नाव घेऊन केलं. तीच म्हैस, तेच दूध, तीच नात. पेज लागलेल्या वाटीलाच तेवढी सखूची नजर लागत होती.

गोजराबाई ओट्याला टेकून खाली बसल्या. नजर गेली म्हणजे उरला फक्त तो चमचा. शनिवारी त्या गुपचूप वर अक्षताकडे जाऊन आल्या. रविवारपर्यंत कुकरही वाजला नाही.

रविवारी मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. महाराजांनी गोजराबाईंचं दूध निळं केलं, पांढरं केलं, चमचा भरला आणि हात पुढे केला. "आणा कन्येला." धनेशने हट्टाने आणलेल्या नमिताने मनस्वीला इतकं घट्ट धरलं होतं की पोर कुरकुरायला लागली. धनेश तिचा हात सोडवू बघत होता. गोजराबाई दोघांच्या मध्ये उभ्या राहिल्या.

"थांबा महाराज. आधी माझी बाधा बगा." त्यांनी झारी उचलली आणि हरेशच्या परातीतल्या प्रसादाच्या कुरमुऱ्यांवर धार धरली. कुरमुरे निळेकाळे पडले.

हरेशचा खुळखुळा अर्ध्यातच थांबला. महाराज म्हणाले, प्रसादाने भक्तांची दृष्टी स्वतःवर घेतली. "बरं," म्हणून गोजराबाईंनी पिशवीतून दोन वाट्या आणि दुधाची किटली काढली. कोणत्या वाटीला पेज आहे ते सगळ्यांना दाखवलं, थेंब टाकले. एक काळी, एक नाही. तेवढ्यात अक्षता पुढे आली, तिने मेडिकलमधून आणलेली संत्र्याच्या चवीची व्हिटॅमिन सीची गोळी चुरडून काळ्या वाटीत टाकली, आणि ती पांढरी झाली. आयोडीनचा रंग या गोळीने जातो, एवढंच तिने सांगितलं. कोणीतरी महाराजांच्या भस्माची चिमूट जिभेवर ठेवून बघितली आणि आंबट-गोड आहे म्हणून दुसऱ्यालाही दिली. पाच मिनिटांत निम्मं भस्म मांडवाने चाखून संपवलं. महाराज शक्तीच्या अपमानाबद्दल बोलत होते, पण त्यांच्याकडे कोणी बघत नव्हतं. बोलता बोलता ते हरेशसकट मागच्या कनातीतून निघून गेले, झारी मागेच राहिली.

"मग पोर सुजली कशानी?" कोणीतरी गोजराबाईंना विचारलं. गर्दीत सखूही होती.

गोजराबाईंनी किटली खाली ठेवली. "माझ्या चमच्यानी," त्या म्हणाल्या. "म्हशीचं दूध मीच पाजलं तिला. डॉक्टरनी इचारलं तरी सांगितलं नाय. नजर लागली म्हनलं की मानूस सुटतो, म्हनून मना नजर पायजे व्हती. सखू बाय, तुजा काय गुना नाय. आनि तुमी सगल्या आया, पोराला काय खायला दिलं ते डॉक्टरला खरं सांगा. जे दोन वाट्यांत बगता येतं, ते बगा आनि मगच हात जोडा. पोराचा जीव कोनाच्या चमच्यावर लावू नका."

 मग सखू रडायला लागली, आणि तिला बघून गोजराबाईही.

सोमवारी त्या स्वतः डॉक्टरांकडे गेल्या आणि तारीख-वेळेसकट सगळं सांगितलं. डॉक्टर रागावले नाहीत. मोठेपणी बऱ्याच मुलांची दुधाची ॲलर्जी जाते, म्हणाले. ती गेली का हे बघायला पुढे हॉस्पिटलातच, नजरेसमोर, थेंबाथेंबाने दूध देऊन बघू. तोवर आईचं दूध, पण आईने दूध-दही बंद करायचं. ते कमी पडलं तर एक खास पावडर, जिच्यात दुधातल्या प्रथिनाचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की शरीर सहसा त्यांना ओळखत नाही.

गोजराबाईंनी त्या पावडरीचं दूध चाखून बघितलं. कडू, आणि वास तर सांगायलाच नको. पण त्यांनी डबा नीट बंद करून फळीवर ठेवला. तेव्हापासून मनस्वीला भरवायच्या वेळी त्या आपणहून स्वयंपाकघराबाहेर जाऊन बसत होत्या.

शनिवारी नमिताने त्यांना हाक मारली. वाटीत पावडरीचं दूध होतं, मनस्वी खुर्चीत पाय आपटत होती. नमिताने चमचा सासूच्या हातात दिला.

"मी?" गोजराबाईंनी विचारलं.

"तुम्हीच, आई. डब्यावर काय लिहिलंय ते आधी वाचा, मग भरवा."

गोजराबाईंनी चष्मा लावला, डब्यावरची ओळन् ओळ बोट ठेवून वाचली आणि मग नातीला पहिला चमचा दिला. मनस्वीने तोंड वेडंवाकडं केलं, आणि दुसऱ्यासाठी आ केला.