द-१७ पाकिटातली बट

मी आसियाची बट बोलतेय. खरं तर हे नाव उच्चारायची मला मनाई आहे. माझ्या पाकिटावर फक्त 'द-१७' लिहिलंय. द म्हणजे दासगाव.

मी आसियाच्या मानेजवळ वाढले, वेणीच्या आत. विंचरताना गळलेले केससुद्धा गुंडाळून, त्यावर थू करूनच टाकायचे, असा त्या घरचा रिवाज. केस परक्या हातात पडू द्यायचे नाहीत. त्यामुळे केसांचे नमुने घ्यायला आलेली माधुरी कात्री घेऊन पडवीत बसली, तेव्हा सासूचा जीव खालीवर झाला.

"केस देतेस, गो? कोणी करणी केली मंजे?"

"माझ्यावर करणी करून काय मिळनार हाय? जाळ्यातल्या दोन निवट्या?" आसिया हसली. तिला पाचवा महिना होता.

माधुरी देशभरच्या पाहणीसाठी आली होती. तिने नीट समजावलं. पाण्यात गेलेला पारा माशांत साठतो, माशांतून माणसांत येतो आणि पोटातल्या बाळाच्या मेंदूला इजा करतो. केसांत त्याची नोंद राहते. कुठल्या गावात किती पारा आहे हे कळलं, तर देशाला तो कमी करता येईल.

"देशाचं र्‍हाऊ दे. मी खाडीचं मासं खाऊ की नको, तेवढं सांग."

"महिन्याभरात निकाल कळवते, ताई. आणि तुमचं नाव कुणालाही कळणार नाही."

"बरं. तोवर मासं बंद."

आसियाने मान पुढे केली. माधुरीच्या त्या शब्दावर मी कापली गेले.

मुंबईच्या प्रयोगशाळेत माझा मुळाकडचा तुकडा यंत्रात गेला. आकडा मर्यादेच्या दुप्पट निघाला. माधुरीने विचारलं, "हिला कळवू ना?" साहेब म्हणाले, "आपण देशाची सरासरी काढतोय. एकेकीला कुठे कळवत बसता?" माधुरी दुसऱ्या राज्यातल्या कामावर निघून गेली. नावांची यादी मोहोरबंद झाली. माझा आकडा सरासरीत असा मिसळला की अहवालात दासगाव 'समाधानकारक' ठरलं.

आज प्रयोगशाळेतल्या टेबलावरचा फोन वाजला. कारकुनाने तो स्पीकरवर टाकला. आवाज मी लगेच ओळखला.

"माझ्या केसांचा निकाल आला का?"

"नमुना क्रमांक सांगा."

"क्रमांक नाय माझ्याकडं. मी आसिया, दासगावची."

"नावं आमच्याकडे नसतात, बाई. गोपनीय असतात. काही असतं तर कळवलं असतं ना!"

पलीकडे तिने सुटकेचा श्वास सोडला.

"मंजे काय नाय! तीन महिनं तोंडाची चव गेली होती, दादा. आजच खाडीची बोय मासळी आणते."

फोन बंद झाला. कारकून चहाला गेला.

जिने तिला शब्द दिला, ती माधुरी तिथे नव्हती. होते ती मी, आणि मला तोंड नाही. तुम्हाला आहे. द-१७ म्हणजे आसिया. दासगावला जा, तिला थांबवा. आठवा लागलाय तिला.