नीरजच्या नंबराची बेरीज

जन्मभर गणित शिकवून निवृत्त झालेल्या पुंडलिकरावांचा माणसांवर फारसा भरवसा उरला नव्हता. पिपरी मेघेत कुणी नवी गाडी आणली की ते आधी तिचा नंबर पाहायचे, पूर्ण वर्ग आहे की नुसतीच भरताड. अशा माणसासमोर, मुलगी अंकिता हिला पाहायला आर्वीहून आलेला नीरज जाता जाता म्हणाला, "काका, माझा मोबाईल नंबर मूळ संख्या आहे. कॉम्प्युटरवर तपासला मी."

सगळे हसले. पुंडलिकरावांच्या मनात मात्र पाल चुकचुकली. दहा अंकी संख्या, आणि एक व ती स्वतः सोडून तिला कशानेच भाग जात नाही? होणाऱ्या सासऱ्याला लोणी लावायला थाप मारून गेला असणार.

पाहुणे गेल्याबरोबर त्यांनी फोन काढला. नीरजनं दिलेला मिस्ड कॉल होताच. शेवटी सात, म्हणजे दोन आणि पाच बाद. मग पेपरच्या कडेला अंक उतरवून बेरीज केली. साठ! बेरजेला तीननं भाग जातो, म्हणजे संख्येलाही जातो. कसली मूळ नि कसलं काय! तिथल्या तिथे त्यांनी नीरजच्या वडिलांना फोन लावला आणि आमचा विचार नाही म्हणून सांगून टाकलं.

"एका नंबरापायी सोयरीक मोडली?" त्यांची बायको गोपिका कपाळाला हात लावून म्हणाली. "पोरीले पसंत होता न तो!"

"नंबरापायी नाई. आज इथं खोटं बोलला, उद्या पोरीशी बोलन."

अंकितानं पेपर उचलला, अंक पाहिले आणि तिचा चेहरा उतरला.

"बाबा, हे बारा अंक आहेत. समोरचे नऊ आणि एक देशाच्या कोडचे आहेत. तेही धरले तुम्ही."

साठातून दहा गेले, पन्नास उरले. तीननं भाग जात नव्हता. वर्गात अशी चूक करणाऱ्या पोराला त्यांनी बाकावर उभं केलं असतं. त्यांना स्वतःचीच लाज वाटली. त्यांनी नीरजला फोन लावला आणि काही न लपवता सगळं सांगितलं.



"काका, चूक कोणाचीही होते," नीरज म्हणाला. "पण मोडायच्या आधी मले एकदा विचारलं काऊन नाई?"

"चुकलंच माझं," पुंडलिकराव म्हणाले.

"अंकिताले देता का फोन?"

त्यांनी दिला. अंकिता फोन घेऊन आतल्या खोलीत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. बाप घरात असताना तिनं आजवर कधी दार लावलं नव्हतं. बऱ्याच वेळानं ती बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. काय ठरलं हे विचारायला पुंडलिकरावांनी तोंड उघडलं, आणि आता ठरवणं तिच्या हाती आहे हे उमगून न विचारताच मिटलं.