वरचा एक रुपया

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल आहे. जुना म्हणजे पाच वर्षांचा. तुमच्यात हे वय बालवाडीत जाण्याचं, आमच्यात पेन्शनीत निघण्याचं. सध्या माझा मुक्काम मध्य मुंबईतल्या एका पोलीस ठाण्यात, जप्त केलेला मुद्देमाल ठेवतात त्या खोलीत आहे. मी खाकी पाकिटात आहे, पाकिटावर लाखेचं सील आणि दोन पंचांच्या सह्या आहेत. माझ्या एका अंगाला गंजलेला कोयता, दुसऱ्या अंगाला चोरीचा मिक्सर. कोयता फारसा बोलत नाही. मिक्सर मात्र आपण निर्दोष असल्याचं रोज सांगतो. मी ऐकून घेतो. मला तसं म्हणायची सोय नाही.

माझा जन्म कारखान्यातला. तिथे माझ्यासारखे हजारो भाऊ एका पट्ट्यावरून सरकत होते, त्यामुळे बालपणाच्या आठवणी अशा काही नाहीत. खरं आयुष्य सुरू झालं ते दादरच्या एका दुकानात. अजित परब नावाच्या माणसाने मला विकत घेतलं. तो डिलाईल रोडच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहायचा आणि लोअर परळच्या काचेच्या इमारतीत बसून विम्याचे अर्ज तपासायचा. सोबत त्याची आई मीराबाई होत्या. माझी किंमत चौदा हजार. अजित पैसे देऊ लागला तशी मीराबाईंनी त्याचा हात धरला.

"मोकळी रक्कम देव नये रे झिला. वर एक रुपयो ठेव. रुपयो ठेवलो की नाता पुढे चालता."

"आई, हे दुकान आहे. लग्नाचा आहेर नाही."

"ठेव म्हणतंय ना!"

अजितने चौदा हजार एक दिले. दुकानदार इतका गोंधळला की त्याने माझं कव्हर फुकट दिलं.

पहिली वर्षं कौतुकाची गेली. अजितचे वडील जयवंतराव तेव्हा होते. ते मला डोळ्यांपासून हातभर लांब धरून गावच्या भावाशी बोलत, आणि भावाला ऐकू जावं म्हणून इतके ओरडत की माझी गरजच नव्हती, असं चाळीचं मत होतं. दोन वर्षांपूर्वी ते गेले. जाण्याआधी सहा महिने ते गॅलरीत खाट टाकून झोपत आणि खोकत.

ते गेले. खोकला गेला नाही.

"अजित, ऊठ. बाबा खोकतत. पाणी नेऊन दी."

"आई, बाबा जाऊन वर्ष झालं."

"ता माका म्हायत हा. पण खोकतत ना?"

हे रोजचं झालं. अजितला सकाळी नऊला कामावर जायचं असे. आईला पटावं म्हणून एकदा त्याने मला गॅलरीच्या दारात ठेवलं आणि चाळीस मिनिटं आवाज टिपून घेतला. सकाळी त्याने दोन मिनिटं ऐकलं, "बघ, काही नाही," म्हणाला आणि सगळं पुसून टाकलं. मित्रांनो, मी तुमच्याशी खोटं बोलणार नाही. माझा मायक्रोफोन चांगला होता. एकतिसाव्या मिनिटाला कोणीतरी खोकलं होतं.

डॉक्टरांनी झोपेची कडक गोळी द्यायला साफ नकार दिला. "या वयात नको. संध्याकाळी त्यांना चालायला न्या, त्यांच्याशी बोलत बसा," असं त्यांनी सांगितलं. बोलत बसायला वेळ लागतो आणि तो औषधाच्या दुकानात मिळत नाही. मग अजितच्या ऑफिसातल्या सम्यकने त्याला इंटरनेटच्या पोटातला एक चोरबाजार दाखवला. तिथे चिठ्ठीशिवाय काहीही मिळत होतं.

"आणि पैसे?" अजितने विचारलं.

"क्रिप्टो. आभासी नाणी. नाव नाही, गाव नाही. ब्रह्मदेवाला पत्ता लागणार नाही."

सम्यकचं अर्धंच खरं होतं. या नाण्यांवर नाव नसतं, हे खरं. पण नाणं कुठून कुठे गेलं, किती वाजता गेलं, किती गेलं, हे सगळं एका जाहीर वहीत कायमचं लिहिलं जातं. ती वही जगात कोणालाही वाचता येते आणि कोणालाही खोडता येत नाही. म्हणजे चाळीच्या नळावर तोंड झाकून पाणी भरायला जायचं, पण हंड्यावर आपलंच नाव कोरलेलं. अजितने सावधगिरी म्हणून नाणी चार ठिकाणी फिरवली, दुसऱ्यांच्या नाण्यांत मिसळली, मग विकणाऱ्याकडे पाठवली. गोळ्यांची पहिली खेप परदेशी चहाच्या डब्यातून आली. सहा हजार रुपयांची.

पाठवताना त्याचं बोट माझ्या काचेवर थांबलं होतं. मी वाट पाहत होतो. त्याने सहा हजार खोडले आणि सहा हजार एक रुपयांची नाणी पाठवली. मला वाटतं, हे त्याच्या मनाने केलं नाही, बोटाने केलं.

मीराबाईंना त्याने सांगितलं, की अश्वगंधा आहे. रोज अर्धी गोळी. त्या झोपू लागल्या. अजितही झोपू लागला. दहा महिन्यांत सात खेपा आल्या, आणि दर वेळी वरचा एक रुपया न चुकता गेला. नातं पुढे चाललं होतं.

ऑगस्टमधल्या एका शनिवारची दुपार. खाली चौकात गणपतीसाठी बेंजो पार्टीची तालीम सुरू झाली होती. दोन ढोल, एक ताशा आणि भिंती हलवणारा एक स्पीकर. जेवणानंतर अजितने आईला नव्या खेपेतली अर्धी गोळी दिली आणि मला पडद्याआड, तिच्या उशाशी चार्जिंगला लावलं. अडीच वाजता दारात दोन माणसं उभी राहिली. एक सायबर पोलिसांच्या उपनिरीक्षक संघमित्रा मॅडम आणि दुसरे हवालदार दत्ताराम.

"अजित जयवंत परब? गोळ्या कुठे आहेत?"

"कसल्या गोळ्या?" हे वाक्य अजितने आरशासमोर बसवलेलं होतं.

"लिमलेटच्या नव्हेत."

"मॅडम, तुमचा काहीतरी घोटाळा होतोय. माझं नाव कुठे आहे का?"

"नाव नाही. रुपया आहे." कागद उलगडल्याचा आवाज आला. "हा विकणारा परदेशात पकडला गेला. गिऱ्हाइकांचे पत्ते त्याने पुसले होते, रकमा राहिल्या. आम्ही त्या-त्या वेळच्या भावाने रुपये काढले. हजारो ओळी. त्यात ह्या सात. सहा हजार एक. साडेसात हजार एक. नऊ हजार एक. परक्या देशातल्या चोराला शकुनाचा रुपया देणारा माणूस लालबाग-परळच्या बाहेर कुठे सापडणार, अजितराव?"

"गिरगावात सापडंल, मॅडम," दत्ताराम म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा हो. मग आम्ही नाणी विकणाऱ्या कंपनीला विचारलं, की त्या-त्या दिवशी एवढ्याच रुपयांची नाणी कोणी घेतली. तिथे तुमचं आधार कार्ड होतं."

मॅडमनी कागदाची घडी घातल्याचा आवाज आला.

"हे बघा, तुम्हाला धरायला मी सोमवारीही आले असते. आज आले, कारण ह्या शेवटच्या खेपेत भेसळ आहे. दोन शहरांत तीन माणसं झोपली ती उठली नाहीत. गोळ्या द्या. बाकीचं नंतर बघू."

बोलून टाक, बोलून टाक, असं मी म्हणत होतो. पण अजितला हा सापळा वाटला. सगळेच पोलीस असं बोलून कबुली काढतात, हे त्याने माझ्यावरच वाचलं होतं.

"मी काही घेतलेलं नाही."

"घरात आणखी कोण असतं?"

"आई. झोपलीये. जरा हळू बोला."

मित्रांनो, मी त्या आईच्या कानापासून वीतभर अंतरावर होतो. मी तिचा श्वास ऐकत होतो. मघाशी श्वास एकामागून एक येत होते. आता दोन श्वासांच्या मध्ये बरीच जागा सुटू लागली होती. मी मोजत होतो, मला तेवढंच येतं.

"हळू?" दत्तारामांचा आवाज गॅलरीतून आला. "अहो, खाली तीन गल्ल्यांना जागं करेल एवढा बेंजो चाललाय. आणि तुमची आई झोपलीये?"

तेवढ्यात पडदा सरकला. संघमित्रा मॅडम आत आल्या. "मावशी? ओ मावशी! डोळे उघडा बघू." त्यांनी मीराबाईंचा गाल थोपटला, पापणी वर केली आणि मग बाहेर न बघताच ओरडल्या, "जीप गेटाशी घ्या!"

बेंजोवाल्या पोरांनी ढोल बाजूला टाकून मीराबाईंना खुर्चीत बसवून खाली उतरवलं. मॅडमनी मला चार्जरवरून काढून सोबत घेतलं. परळच्या मोठ्या इस्पितळात डॉक्टरांचा एकच प्रश्न होता. गोळीत नेमकं काय आहे? पाकिटावर छापलेलं नाव तर खोटं होतं. रक्ताचा अहवाल यायला वेळ लागणार होता आणि मीराबाईंकडे वेळ नव्हता.

संघमित्रा मॅडमनी मला अजितसमोर धरलं. "विकणाऱ्याशी झालेलं बोलणं ह्याच्यात असेल ना? खरं सांगते, उघडलंत तर हे सगळं तुमच्याविरुद्ध कोर्टात जाईल. मी जबरदस्ती करणार नाही."

माझ्यात एक चोरकप्पा होता. त्याला वीस अक्षरांची किल्ली होती. ती अजितने कागदावर लिहिली नव्हती, सम्यकला सांगितली नव्हती, झोपेत बरळला नव्हता. ती आता त्याने केसपेपरच्या खिडकीपुढे, रांगेतल्या तीस माणसांदेखत, मोठमोठ्याने ओरडून सांगितली. एक अक्षर चुकलं, तेव्हा पुन्हा पहिल्यापासून ओरडून सांगितली. रांगेतल्या एका आजोबांनी ती सवयीने लिहूनही घेतली.

कप्पा उघडला. आत विकणाऱ्याचा एक निरोप पडून होता, न वाचलेला. या खेपेतली पावडर वेगळी आणि फार कडक आहे, नेहमीच्या अर्ध्या गोळीनेही श्वास थांबेल, म्हाताऱ्या माणसांना मुळीच देऊ नका. खाली पावडरचं नाव. निरोप गुरुवारचा होता. डॉक्टर नाव वाचून पळत आत गेले.

"गुरुवारी आलाय," संघमित्रा मॅडम म्हणाल्या. "वाचला नाहीत?"

"आईला कळू नये म्हणून..." अजित माझ्याकडे बघत म्हणाला. "ह्या कप्प्यातलं काही वाजणार नाही, दिसणार नाही, असं करून ठेवलं होतं."

इस्पितळाच्या बाकावरच माझा पंचनामा झाला. पाकिटात घालण्याआधी अजितने एक मिनिट मागून घेतलं आणि कडेचं बटण दाबून माझा आवाज पूर्ण वाढवला.

"आता कशाला?" मॅडमनी विचारलं. "तो बंदच होणार आहे."

"असू दे," तो म्हणाला.

मग सील लागलं, आणि मीराबाईंचं पुढे काय झालं ते मला कळलं नाही. या खोलीत दिवस मोजता येत नाहीत. बऱ्याच काळाने दत्ताराम हवालदार डांबरगोळ्या टाकायला आले. त्यांना पाकिटांशी बोलायची सवय आहे. बायको ऐकत नाही, असं ते म्हणतात.

"म्हातारी उठली हो," ते माझ्या पाकिटाला म्हणाले. "चौथ्या दिवशी. उठल्या उठल्या नर्सला विचारते, मला एवढी झोपवली कोणी? आता गोळीचं नाव काढलं तर भांडं फेकते. डावा हात तेव्हापासून उचलत नाही म्हणून उजव्याने फेकते. पोरगा जामिनावर आहे. रात्र रात्र गॅलरीत तिच्याशी पत्ते खेळतो. ती लबाडी करते, तो हरतो."

बरं वाटलं. पण बरं वाटणं ही काही सुटका नव्हे.

मित्रांनो, माझी आता एकच विनवणी आहे. मला रोज पुसा, माझी काच जपा, असं मी म्हणणार नाही. गुपितं ठेवू नका, असंही म्हणणार नाही. माणसाला गुपित हवंच, आणि ते सांभाळायला आम्ही आहोत. पण जे गुपित दुसऱ्या कोणाच्या पोटात जाणार आहे, ते आमच्यापाशी ठेवू नका. ते घरातल्या तोंड असलेल्या माणसाला सांगा. तो रागावेल, ओरडेल, चाळभर करेल. करू द्या. आम्ही फार आज्ञाधारक असतो.

गुरुवारी दुपारी तीन वाजून बारा मिनिटांनी मला सगळं कळलं होतं. शनिवारी जेवणानंतर पडद्याआड अंधार होता, म्हणून अजितने माझी बॅटरी लावली आणि माझ्या उजेडात त्या गोळीचे दोन तुकडे केले. मी उजेड अगदी नीट धरला होता.