पडद्यावरचा पांडू

कुशाबा दर रविवारी महाडला युद्धं बघायला जायचा.

कापड्याच्या वरच्या वाडीतून सकाळी उतरायचं, पोलादपूरला गाडी बदलायची आणि जेवणवेळ टळली की अनिलच्या माडीवर जाऊन बसायचं. अनिलचं टीव्ही-फ्रिजचं दुकान. मोठ्या पुरात खालचं सगळं गेलं, तेव्हापासून त्याने घरचा टीव्ही माडीवर नेला होता, भिंतभर मोठा. रविवारी तिथे चारपाच इतिहासवेडी माणसं जमायची आणि जमत नसत ती फोनवरच्या गटात असायची. गटाचं नाव ‘रणवेडे’. कोणी काय बघावं, काय मुळीच बघू नये, याच्या शिफारशी तिथे दिवसभर वाहत असायच्या. बर्फातल्या वेढ्याची ती आठ भागांची मालिका बघा, पण पहिला भाग सोडा, नुसतं पाल्हाळ आहे. वाळवंटातल्या रणगाड्यांचा माहितीपट बघा, पण कान उघडे ठेवून, आवाज खरे आहेत. अनिलची एकच अट होती: युद्धात प्रेमकथा घुसली की तो पुढे ढकलणार. त्यावर दिशा म्हणायची, की म्हणूनच तुझी बायको रविवारी माहेरी जाते.

दिशा कॉलेजात इतिहास शिकवायची. तिचा मान वेगळा, कारण चूक तिच्याइतकी कोणी पकडत नसे. हा रणगाडा त्या साली नव्हताच. ही चित्रफीत दुसऱ्याच लढाईतली, इथे आणून चिकटवलीय. हे सैनिक उन्हाळी कपड्यात आणि निवेदक म्हणतोय डिसेंबर. चूक सापडली की माडीवर असा आनंद व्हायचा, जसा माळावर ससा उठल्यावर पोरांना होतो.

कुशाबा कोपऱ्यातल्या खुर्चीत बसायचा. तो खराखुरा फौजी, म्हणून सुरुवातीला सगळ्यांनी त्याला बंदुकांचं विचारून भंडावलं. तो हसायचा, एखाददुसरा शब्द बोलायचा. मग त्यानेच एकदा विचारलं, की शांतिसेना श्रीलंकेत गेली होती, त्याच्यावर काही हाय का? सगळ्यांनी फोन धुंडाळले. त्यांच्याकडे जगभरच्या युद्धांच्या शिफारशी होत्या. कुशाबाच्या युद्धाची एकही नव्हती.

त्याला युद्ध नको होतं. त्याला एक चेहरा हवा होता.

कुशाबा आणि पांडू एकाच वाडीचे, एकाच पलटणीत भरती झालेले. सत्त्याऐंशी सालच्या दिवाळीच्या तोंडावर, ताडांच्या रांगेतल्या एका लाल रस्त्यावर, पांडू गेला. कुशाबाने त्याला तिथेच अग्नी दिला. वाडीवर आला तो फडकं बांधलेला कलश. पांडूची बायको ठमाबाई तेव्हा पोटुशी होती. तिने कलश सावित्री नदीत सोडला, सोनाराकडून टाक करून घेतला आणि देवाऱ्यात बसवला. घरातलं माणूस अकाली गेलं की चांदीच्या पत्र्यावर त्याची मूर्त उठवून देवांच्या पंगतीत ठेवायची, ही रीत. पण सोनाराकडे साचा एकच. टाकावरचा पांडू घोड्यावर बसलेला, हातात तलवार, आणि तोंडाच्या जागी नुसतं एक टिंब. जन्मात कधी पांडू घोड्यावर बसला नव्हता.

तोंड होतं ते भिंतीवरच्या फोटोत. एकवीस सालच्या पावसात डोंगर सुटला आणि ती भिंत फोटोसकट ओढ्याला गेली. घर परत उभं राहिलं, पांडूच्या पोरीने, आवडी तिचं नाव, मुंबईहून येऊन नवे पत्रे घातले. फोटो कुठून आणणार?

एका संध्याकाळी ठमाबाई कुशाबाच्या अंगणात येऊन बसली. शेळ्यांचं बोलली, भाताचं बोलली. उठता उठता म्हणाली, “भावजी, मला त्यांचं तोंड आठवत नाय. हात आठवतात, चाल आठवते. तोंडाच्या जागी टाकावरल्यासारखं टिंब येतं.”

जरा थांबून म्हणाली, “एकदा दिसलं पायजे. डोळे हायत तवर.”

तेव्हापासून कुशाबा रविवारी महाडला जात होता.

दोन पावसाळे गेले. मग गटातल्या, मुंबईत राहणाऱ्या हृतिकने तिथे एक दुवा टाकला. परदेशी माणसांनी त्या बेटावर जाऊन केलेला जुना माहितीपट. चित्र धुरकट, आवाज खरखरीत. हृतिकने खाली लिहिलं होतं: कुशाबाकाकांसाठी, शिफारस म्हणून नव्हे, बघा नुसतं.

माडीवर तो लावला, तेव्हा अर्ध्यावर कुशाबा खुर्चीतून उठून उभा राहिला.

ताडांच्या सावलीत आपले जवान ओळीने चाललेले. त्यातला एक शहाळं तोंडाला लावून पीत होता. त्याला कॅमेरा दिसला. त्याने शहाळं खाली घेतलं, बाहीने तोंड पुसलं आणि मान मागे टाकून हसला. डाव्या भुवईत खाच. लहानपणी बैलाचं शिंग लागून पडलेली. मग ओळ पुढे गेली आणि पडद्यावर दुसरंच कोणी बोलू लागलं.

“मागे घे,” कुशाबा म्हणाला.

अनिलने मागे घेतलं. पुन्हा घेतलं. कुशाबाच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचं त्याला भान नव्हतं. त्या दिवशी माडीवर कोणी चूक काढली नाही. दिशानेसुद्धा नाही. डोळ्यांत तेल घालून साल नि तारखा तपासणारी ती माणसं, देवळात बसावं तशी बसून राहिली. एवढा एक दिवस त्यांनी चूक काढायला हवी होती.

पुढच्या रविवारी कुशाबा ठमाबाईला घेऊन आला. तिने ठेवणीतलं हिरवट लुगडं नेसलं होतं. गाडीत तिला उलटी होईल म्हणून सकाळपासून तिने काही खाल्लं नव्हतं. अनिलने तिला पुढची खुर्ची दिली, दिशाने पाणी दिलं, आणि पडदा उजळला.

पांडू हसला.

ठमाबाईने चटकन पदर डोक्यावर घेतला. समोर पंचविशीतला पोर, आणि ही पिकल्या केसांची बाई नव्या नवरीसारखी लाजली. मग हळूच म्हणाली, “दात बगा. एक जरा पुढंच होता. मी ते बी इसरले होते.”

तिने चार वेळा बघितलं. पाचव्यांदा पांडूच्या हसण्यावर अनिलने चित्र थांबवून ठेवलं आणि ठमाबाई मन भरून बघत राहिली. चेहरा पाठ झाला असावा, कारण तिची नजर मग बाकीच्या पडद्यावर फिरली. ताडांवर, लाल मातीवर आणि खालच्या कोपऱ्यात.

“ह्यो आकडा कसला?”

“साल आहे ते, मावशी,” अनिल म्हणाला. “कधी चित्र घेतलं ते. एकोणनव्वद.”

तो आनंदाने म्हणाला. त्याला काय ठाऊक.

ठमाबाईने बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजून हात मांडीवर ठेवला. मग कुशाबाकडे न बघता म्हणाली, “आवडी पोटात होती तवा कलश आला. आवडी अठ्ठ्याऐंशीची. एकोणनव्वदला ती उंबऱ्यावरनं पडली, दात लागला व्हटाला. तवा हे शहाळं पीत होते?”

दिशा खुर्ची ओढून तिच्याजवळ बसली. तिने सावकाश, मायेने समजावलं, की हे माहितीपटवाले असं करतात. हाताला लागेल ती जुनी फीत लावतात, साल भलतंच लिहितात. आम्ही रविवारी बसून याच चुका काढतो. हे चित्र सत्त्याऐंशीचंच असणार.

“म्हंजे ते खोटं लिवतात?”

“खोटं नाही, मावशी. चुकतात.”

“आणि तोंड? ते बी चुकलं का?”

“नाही. चेहरा तर काकांनी ओळखला. तुम्हीही ओळखलात.”

“मग तोंड खरं नि आकडा तेवढा खोटा.”

कुशाबा पुढे आला. इतक्या वर्षांत जे त्याने कमीत कमी शब्दांत सांगितलं होतं, ते त्याला परत एकदा सांगावं लागलं.

“वयनी, मी होतो तिथं. मी ह्या हातांनी अग्नी दिला त्याला.”

ठमाबाईने त्याच्या हातांकडे बघितलं. तिच्या नजरेत राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

“तुमी सांगितलंत, भावजी. मी ऐकलं, इतकी वर्सं ऐकलं. आज मी बगितलं.”

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली होती. सावित्री उजवीकडून दिसली की ती मान वळवून बघत राही, नदी झाडांआड गेली की समोर. पोलादपूरला उतरताना तिने एवढंच विचारलं, त्या बेटावर चालत जाता येतं का. कुशाबा म्हणाला, मधे दर्या हाय.

तो आठवडाभर रणवेड्यांनी जिवाचं रान केलं. दिशाने ते चित्र घेणाऱ्यांचा पत्ता शोधला. ती संस्था कधीच बंद झाली होती, फीत काढणारा माणूस वारला होता. हृतिकने आणखी तीन माहितीपट धुंडाळले; त्यात ताड होते, रस्ते होते, पांडू नव्हता. आवडी मुंबईहून फोनवर आईला समजावून थकली. सरकारनं लिवून दिलंय, आये, पेन्शन येते ना तुला? त्यावर ठमाबाईचं म्हणणं असं, की लिवलेलं चुकतं हे त्या शिकलेल्या बाईनेच सांगितलं. पिच्चरवाल्यांचं चुकतं तर सरकारचं का नाय चुकणार? कलशात राख होती. राखेला काय भुवई असते?

रविवारी कुशाबा माडीवर गेला. नव्या मालिकेच्या शिफारशी चालल्या होत्या, पण त्याला बघून अनिलने आवाज बंद केला. कुशाबाने उभ्याउभ्याच विचारलं, “ज्यात मेलेली माणसं नीट दाखवलीत, तोंडं दिसतील अशी, असं काय हाय का? आपली माणसं?”

आयुष्यभर मरणं बघत आलेली ती माडी. कोणाला एक नाव सुचलं नाही. त्यानंतर कुशाबा महाडला गेला नाही.

भाद्रपद निम्म्यावर आला. पितरांचा पंधरवडा लागला, भात पोटरीत आलं. हत्याराने गेलेल्यांची तिथी चतुर्दशीला असते. त्या दिवशी ठमाबाई दरवर्षी खीर-वड्यांचं पान अंगणातल्या धोंड्यावर ठेवायची आणि कावळ्याला हाक घालायची. यंदा तिच्या घरातून वड्यांचा वास आला नाही. आवडीचा फोन आला, काका, जरा बघा ना.

कुशाबा गेला तेव्हा ठमाबाई दारात तांदूळ निवडत होती, आणि सुपाच्या तालावर बारीक आवाजात म्हणत होती:

“सावित्रीबाई तुजं पानी, जातं दर्याच्या घराला
माज्या कंथाची खुशाली, पूस तिथल्या वाऱ्याला...”

तो आत डोकावला. देवाऱ्यात खंडोबा होता, भैरी होता, कुळातले जुने टाक होते. घोडेस्वाराची जागा मोकळी, तिथे टाकाएवढा एक स्वच्छ चौकोन.

“नदीला दिला,” ठमाबाई म्हणाली. “जित्या माणसाला त्या पंगतीत कसं बसवू?”

“वयनी, तिथीचं पान तरी...”

“तुमी ते तोंड दावलंत, भावजी. तुमचे उपकार. पण आता हे मागू नका.”

कुशाबा घरी आला. त्याने बायकोला सांगून वडे तळून घेतले, खीर केली, केळीच्या पानावर मांडली. पांडूला दोस्तापलीकडे कोणी नाही असं समजून त्याने पान आपल्याच अंगणाच्या कडेला, दगडावर ठेवलं. हात जोडले. डोळे मिटले की त्याला एरवी लाल रस्ता दिसायचा. आज शहाळं पिणारा पांडू दिसला, हसणारा. आणि कुशाबाला कळलं, की आता त्यालाही दुसरं काही दिसणार नाही. ज्याला अग्नी दिला त्याचं तोंड त्या हसण्याखाली गेलं होतं.

फणसावरचा कावळा खाली आला. दगडावर बसला, मान तिरकी करून पानाकडे बघितलं, चोच वाकवली.

तेवढ्यात पाणंदीपलीकडून धोंडा आला. नेम चांगला होता. कावळ्याच्या पुढ्यात आपटला. पान उलटलं, खीर मातीत गेली. पलीकडे ठमाबाई उभी होती, डोक्यावर पदर, हातात दुसरा धोंडा.

“हाड,” ती म्हणाली. कावळ्याला, की कुशाबाला, की तिथीला.

कावळा उडाला. तो परत येईल म्हणून कुशाबा सांज होईतो बसून होता. आणि पलीकडे, धोंडा हातात धरून, तीही बसून होती.