अर्धं पिस्तूल, अर्धी बंदूक

मित्रांनो, माझी ओळख सांगायची म्हटली तरी आता मला थकवा येतो. मी एक जुनी कार्बाईन आहे, म्हणजे खांद्याला लावून मारायची आखूड बंदूक. पण जन्मले तेव्हा मी पिस्तूल होते. माझा सांगाडा, माझी मूठ, माझा चाप आजही पिस्तुलाचाच आहे. लांब नळी आणि पाठीमागचा शिसवी दस्ता नंतर आला. गोळी मात्र तीच राहिली, पिस्तुलाची, बारीकशी.

पेठ वडगावच्या शशिधर यांनी मला चौऱ्याण्णव साली घेतलं. त्यांचं सरकी-पेंडीचं दुकान होतं आणि नेमबाजीचा नाद होता. पण खरा हात त्यांच्या लेकीचा, विद्याश्रीचा. दर रविवारी बापलेक स्कूटरवरून कोल्हापूरच्या रेंजवर जायचे. एका हातात मला धरून ती उभी राहिली की आसपासची बडबड आपोआप थांबायची. "पोरगी नाव काढणार," असं लोक म्हणायचे. तेव्हा मीही नवीन होते. मला ते खरं वाटायचं.

एके दिवशी दुकानात मांजरीची पिल्लं पोत्यांच्या आड अडकली. त्यांना काढायला विद्याश्री वाकली आणि पेंडीच्या पोत्यांची थप्पी तिच्या उजव्या हातावर कोसळली. मनगटाचं हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. काही महिन्यांनी ती रेंजवर आली, तिनं मला समोर धरलं आणि दुसऱ्याच गोळीला माझं तोंड जमिनीकडं झुकलं.

"आप्पा, हे कपाटात ठेवा आता," ती म्हणाली. "मला न्हाय जमत."

शशिधरांनी मला कपाटात ठेवलं. पण लेक घरात नुसती बसलेली त्यांना बघवेना. शेवटी ते मला कोल्हापुरात आकारामकडे घेऊन गेले. आकाराम परवाना असलेला बंदूक दुरुस्त करणारा कारागीर होता.

"आकाराम, पोरीचा हात चालत न्हाय. खांद्यावर भागंल का?"

आकारामनं मला उलटंपालटं करून पाहिलं. "भागंल की. पर मालक, मग हे पिस्तूल ऱ्हाणार न्हाय."

"न ऱ्हाईना. पोरगी ऱ्हायली पायजे."

सरकारी परवानगीसाठी शशिधरांनी किती तरी खेटे घातले. ती हातात पडली तेव्हा आकारामनं काम सुरू केलं. माझी जुनी नळी गेली, नवी लांब नळी आली. विद्याश्रीच्या खांद्याचं माप पुन्हा पुन्हा घेत त्यानं दस्ता घासला. मला कुणी विचारलं नाही. पण खरं सांगते, मला राग आला नाही.

पहिल्या रविवारी विद्याश्रीनं दस्ता खांद्याला टेकवला आणि गाल लाकडावर ठेवला. माझा भार खांद्यावर गेला, दुखऱ्या मनगटाला नुसता आधार द्यायचा होता. गोळी सुटली, ती काळ्या वर्तुळात बसली. दुसरी तिच्याशेजारीच. विद्याश्रीनं गाल उचलला नाही, आणि थोड्या वेळानं माझं लाकूड ओलं झालं. शशिधर तोंड फिरवून उगाच खोकत राहिले.

पुढच्या वर्षी ती मला घेऊन स्पर्धेला गेली. तिथल्या पंचांनी मला पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"हे काय आणलंय? पिस्तूल म्हणावं तर खांद्याला लावताय. रायफल म्हणावं तर नळी एवढीशी. पावणं, हिला कुठल्या गटात घालू मी?" ते शशिधरांना म्हणाले.

"कशात बी घाला की," शशिधर म्हणाले. "गोळी कुठं लागती ते बघा."

"तसं न्हाय चालत."

नियम पंचांनी केलेला नव्हता, त्यामुळे भांडून उपयोग नव्हता. सगळ्यांचं मारून झाल्यावर विद्याश्रीनं पंचांची परवानगी घेतली आणि शेवटच्या जागी उभी राहून नेम साधला. तिच्या कागदावरचे गुण कुणी मोजले नाहीत.

पण मागं एक मुलगी ते बघत थांबली होती. ती इचलकरंजीच्या यंत्रमाग कामगाराची लेक, स्वप्नाली.

"ताई, पिस्तूल धरलं की माझा हात लटलट कापतोय. तुमची ही धरून बघू का?"

विद्याश्रीनं तिच्या खांद्याला मला लावलं. त्या दिवसापासून मी स्पर्धेची राहिले नाही, शिकवण्याची झाले. स्वप्नालीपाठोपाठ आणखी मुली आल्या. कुणाला आवाजाची भीती, कुणाला धक्क्याची. मी दोन्ही हातांत आणि खांद्यात घट्ट बसायचे, म्हणून त्यांची भीती माझ्यापाशी संपायची. आणि भीती संपली की त्या मला खाली ठेवून चांगलं पिस्तूल उचलायच्या. स्वप्नालीनं राज्यात पदक मिळवलं. फोटोत तिच्या हातात दुसरंच पिस्तूल होतं. मला वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. रोज नव्या माणसाचं पहिलं पाऊल होऊन होऊन मी थकत गेले.

दोन हजार चार सालची विधानसभेची निवडणूक आली. निवडणुकीच्या काळात परवान्याची शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात, तशी मलाही शशिधरांनी नेऊन दिली. निकाल लागायच्या आत ते हृदयविकारानं गेले. परवाना त्यांच्या नावावर होता, त्यामुळे मला घरी न्यायला कुणालाच हक्क उरला नाही. विद्याश्री स्वतःच्या परवान्यासाठी कचेऱ्यांतून फिरत राहिली. मी ओल धरलेल्या खोलीत, चिठ्ठी बांधलेल्या इतर बंदुकांच्या गर्दीत पडून राहिले. पावसाळे गेले. नळीच्या आत गंज चढला, दस्त्याला चीर पडली.

काही वर्षांनी परवाना मिळाला. विद्याश्री म्हाताऱ्या आकारामला घेऊन ठाण्यात आली. त्यानं मी रिकामी असल्याची खात्री केली, मला उजेडाकडं धरून नळीतून पाहिलं आणि मान हलवली.

"नळी खाल्लीया गंजानं. सांगाडा बी तडकलाय. हिच्यातनं बार काढला तर मारणाऱ्याचाच डोळा जाईल."

"दुरुस्ती?"

"न्हाय, बाळ."

हवालदार म्हणाले, "शोभेला न्या घरी."

"नको," विद्याश्री म्हणाली. "घरी पोरी येत्यात शिकायला. एखादी उचलंल. सरकारजमा करा, मोडीत जाऊ दे."

तिनं सही केली. हवालदारांनी मला उचलायला हात पुढं केला, तर तिनं मला सोडलं नाही. पिशवीतून तेलाची बाटली आणि मऊ फडकं काढलं.

"ताई, मोडीत जायची वस्तू ती. तेल कशाला?"

"जाईना मोडीत. गंजकी न्हाय जाणार."

मित्रांनो, मला पुन्हा कामाला लावा असं माझं मागणं नाही. दमलेल्या वस्तूला विसावा मिळाला तर बरंच असतं. फक्त जिनं तुमची भीती घालवली, तिला ओलीत टाकून विसरू नका. निरोप द्यायचाच असेल तर असा द्या. ठाण्याच्या बाकावर विद्याश्री बसली आहे, वाकड्या मनगटानं माझी नळी हळूहळू पुसते आहे, आणि हवालदार घाई न करता शेजारी उभे आहेत.