सहा हातांची शिवप्रिया

फ्लेक्सला कुंकू चिकटेना. प्लॅस्टिकवरून ते घसरून खाली पडायचं, म्हणून कुणीतरी आधी गोडेतेल चोपडलं आणि मग कुंकू लावलं. सकाळी नऊलाच बसथांब्यासमोर दोनशे माणूस जमलं होतं. बांबूच्या दोरीत उदबत्त्या खोचलेल्या, खाली करवंट्यांचा ढीग, आणि लोहाऱ्याला जाणाऱ्या जीपांचे ड्रायव्हर प्रवासी सोडून रांगेत उभे.

फ्लेक्सवर होती शिवप्रिया, नववीतली पोर. खो-खोच्या जिल्हा संघाच्या चाचणीसाठी तिचं नाव निघालं म्हणून गावानं 'हार्दिक अभिनंदन' छापलं होतं. फोटोत ती धावत होती. तिला हात सहा होते, पाय सहा होते, तोंडं तीन होती आणि तिन्ही आरपार दिसत होती. डोक्याभोवती पांढरी प्रभावळ होती.

हा फोटो मी काढलेला. मी रणधीर, लोहाऱ्यात माझा स्टुडिओ आहे. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथली लग्नं अजून मलाच मिळतात. मी शाळेला सगळे फोटो पाठवले आणि फ्लेक्सवाल्यानं त्यातला सगळ्यात रंगीत उचलला. त्याला दिवसाला शंभर चेहरे छापायचे असतात, कुणाला किती हात हे बघायला सवड नसते.

फ्लेक्स मंगळवारी लागला आणि बुधवारी गुंडाप्पा महाराज अवतरले. गेल्या वर्षापर्यंत हे गृहस्थ तळहातावर नारळ आडवा धरून बोअरची जागा दाखवायचे. बोअर कोरडी गेली, की पाणी शेजारच्या रानात पळालं म्हणायचे.

"मोजा, मोजा!" महाराज फ्लेक्ससमोर ओरडले. "सहा हात! दोन आईचे, दोन बापाचे, दोन साक्षात जगदंबेचे! तीन तोंडं म्हंजे काल, आज आन् उद्या! आन् आरपार का दिसतंय? कारन देहच न्हाय ऱ्हायला, सगळी ज्योत झालीय!"

"म्हाराज, चौथं तोंड न्हाय का?" एकानं विचारलं.

"हाय की! ते मागल्या अंगाला हाय."

चार माणसं खरोखर फ्लेक्सच्या मागं जाऊन पाहून आली.

मग हुकूम सुटला. पोरीनं अकरा दिवस चौरंगावर बसायचं. पाय जमिनीला लागता कामा नये. लागला तर गावच्या बोअरी आटतील. चाचणी रविवारी धाराशिवला होती, पण शिवप्रियाचे वडील गोरोबा त्याबद्दल बोलायलाच तयार नव्हते. ज्यांनी आजवर त्यांना पारावर बसायला जागा दिली नव्हती, ते आता त्यांच्या पाया पडत होते. आई नीलम्मा पदरानं डोळे पुसत पोरीला दूध-केळं भरवत होती. पोर म्हणायची, "आये, मला भाकर दे आन् मैदानावर जाऊ दे."

शनिवारी सकाळी क्रीडाशिक्षिका दैवशाला मॅडम माझ्या दुकानात आल्या.

"रणधीरभाऊ, खरं सांगा. हे कसं झालं?"

खरं मला मंगळवारीच कळलं होतं. कॅमेऱ्यात एचडीआर नावाची एक सोय असते. बटण एकदा दाबलं की पाठोपाठ तीन फोटो निघतात, एक काळपट, एक बेताचा, एक पांढराफटक, आणि कॅमेरा ते एकमेकांवर बसवतो. लग्नाच्या मांडवात मला ती फार कामाची. बाहेर ऊन, आत अंधार, पण नवरा-नवरी पाटावर मुकाट बसलेली, त्यामुळं सगळं स्वच्छ येतं. मी ती सोय बंद न करताच खो-खोच्या मैदानावर गेलो. पळणारी पोर तिन्ही फोटोंत वेगळ्या जागी होती, म्हणून ती तिप्पट आली.

"मग बोलला का नाहीत?"

लोकांनी माझ्या कॅमेऱ्याला हार घातला होता, आणि मी तो घालू दिला होता.

मॅडमनी मला मोटारसायकलवर मागं बसवून गावात नेलं. शाळेचा टीव्ही गोरोबांच्या ओसरीवर आणून लावला. मी सगळ्यांसमोर चूक कबूल केली. महाराज गालात हसले.

"बटन तू दाबलंस, पन तुला दाबाय कुनी लावलं?"

"बरं," मॅडम म्हणाल्या, "त्याच फोटोत आठ पोरी खाली बसल्यात. त्यांना दोनच हात का?"

"त्यांचं पुण्य कमी."

मी कॅमेरा टीव्हीला जोडून तिकाटण्यावर ठेवला आणि महाराजांना डोलत आरती ओवाळायला सांगितली. टीव्हीवर सहा हातांचे, तीन दाढ्यांचे महाराज उमटले. लोकांनी हात जोडले.

"बगा! माझ्यातबी आली!" महाराज गरजले.

पुढच्या फोटोत नेमकं एक कुत्रं आडवं पळालं. त्याला बारा पाय आले. मागच्या पाण्याच्या टाकीलाही झकास प्रभावळ आली. गडद वस्तू आणि उजळ आभाळ यांचा मेळ घालताना कॅमेरा कडेला असा उजेड सांडतो.

"कुत्र्यातबी देवी?" गोरोबांनी चाचरत विचारलं.

"ते... ते खंडोबाचं कुत्रं हाय."

"आन् टाकी?"

महाराज खोकले. तेवढ्यात शेजारच्या अंगणात सुपात ज्वारी पाखडणाऱ्या गिरिजाबाई पाखडतच पुढं आल्या. फोटोत त्यांनाही सहा हात आले. आजीबाई टीव्हीकडं बघत म्हणाल्या, "आसं खरंच आसतं तर सुना कशाला लागल्या आसत्या?"

गर्दीत पहिल्यांदा हसू फुटलं.

"आता महाराज, श्वास रोखून बसा," मॅडम म्हणाल्या. "बोट हलवायचं नाही." फोटोत साधे महाराज आले, दोन हात आणि एक दाढी.

चौरंगावरून शिवप्रिया बोलली. "म्हंजी जो हालंल त्यालाच हात फुटत्यात, बसंल त्याला न्हाय. मग मला का बसवून ठिवलंय?"

गोरोबा घाबरून पुढं झाले. "पोरी, पाय टेकू नगंस, बोअर आटंल गं!"

तिनं दोन्ही पाय टेकले.

सगळं गाव बोअरकडं धावलं आणि कुणीतरी मोटर चालू केली. पाणी आलं, रोज येतं तेवढंच आलं. लाइट होती हे नशीब. नसती तर देवीचा कोप ठरला असता. "हळूहळू आटंल," असं म्हणत महाराज मिळेल त्या जीपनं निघून गेले.

शिवप्रिया रविवारी चाचणीला गेली, पण तिची निवड झाली नाही. चार दिवस बसून पाय आखडले होते. खांबाजवळ वळताना ती वीतभर कमी पडली आणि बाद झाली. मैदानाच्या कडेला ती रडली, तेव्हा गोरोबा तिच्याशेजारी मान खाली घालून बसले होते. मला त्या बापापेक्षा माझीच जास्त लाज वाटली. महाराज खोटं बोलले, गोरोबांना काही ठाऊक नव्हतं. मला मात्र सगळं माहीत होतं.

म्हणून सांगतो. अद्भुत काही दिसलं तर हात जोडायच्या आधी 'हे कसं झालं?' एवढं विचारा. ज्यानं केलं त्याला विचारा, पुन्हा करून दाखवायला लावा. आणि कसं झालं ते तुम्हाला ठाऊक असेल, तर त्याच दिवशी बोला. पोरीचं वर्ष गेल्यावर सांगितलेलं खरं तिच्या काही कामाचं नसतं.